गॅलरीतली आफ्रिका

गेल्या आठवड्यात बहिणीकडे ऐरोलीला निघाले होते. पूल लागला आणि बसमधल्या चार-पाच जणांनी एकदम खिडकीकडे माना वळवल्या. ओहोटी होती. लांबवर खाडीच्या चिखलात, कुणी गुलाबी साडी पिळून वाळत टाकावी तशी एक पट्टी दिसत होती. फ्लेमिंगो आले होते. शेजारच्या मुलीने फोटोसाठी मोबाइल बाहेर काढला. मी मात्र पुढच्या सीटच्या पाठीवर खिळ्याने कोरलेलं कुणाचं तरी नाव वाचत बसले.

थंडीत ते येतात आणि पावसाच्या तोंडावर निघून जातात. आमच्या मुलुंड पूर्वेला तेव्हा हवा पडली की खाडीचा खारट, कुबट वास थेट स्वयंपाकघरात शिरतो. मार्चपासून रस्त्यावर सोनमोहराचा पिवळा सडा पडायला लागतो, मुलांच्या परीक्षा येतात, मग आंबे. हे सगळं दरवर्षी येतं. माझ्यासाठी मात्र त्यात एकच वर्ष आहे, तीन वर्षांपूर्वीचं. बाकीची वर्षं त्याच्या आधीची किंवा नंतरची.

ईरा तेव्हा सात वर्षांची होती. माझी एकुलती एक नात. मुलगा निनाद, सून मृणाल, ईरा आणि मी, असे आम्ही चौघं तिसऱ्या मजल्यावर राहायचो. आमचे हे जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मृणाल भांडुपच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, शनिवारीसुद्धा. त्यामुळे ईराची शाळेनंतरची सगळी दुपार माझ्या वाट्याला यायची, आणि खरं सांगायचं तर मला ती कुणाबरोबर वाटून घ्यायची नव्हती.

फेब्रुवारीत एका रविवारी आम्ही चौघं बोटीतून फ्लेमिंगो बघायला गेलो. ईराने बोटवाल्याला विचारलं, "हे कुठून आले?" तो म्हणाला, "हे कच्छचे. पण यांचे भाऊबंद आफ्रिकेत आहेत, लाखांनी."

"आफ्रिका किती लांब आहे, आजी?"

"माझ्यासाठी एक प्लग लावण्याइतकी," मी म्हटलं.

ते खरंच होतं. मी टेलिफोन ऑपरेटर होते. लालबागच्या चाळीतली गिरणी कामगाराची मुलगी, तेविसाव्या वर्षी फोर्टच्या एक्स्चेंजमध्ये परदेशी कॉलच्या बोर्डासमोर बसले. घाटकोपर-मुलुंडच्या गुजराती घरांतून नैरोबी, मोंबासाचे कॉल बुक व्हायचे. कुणाचा काका तिकडे, कुणाचा नवरा. कॉल लागायला कधी चार तास, कधी अख्खा दिवस. नैरोबीच्या बोर्डावर एक बाई असायची. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. मी घाई करायला लागले की ती घोगऱ्या आवाजात म्हणायची, "पोले पोले, बॉम्बे." हळूहळू. कधी कधी तिच्यामागे पत्र्यावर पाऊस वाजताना ऐकू यायचा. इकडे मार्चचं ऊन आणि कानात त्या गावचा पाऊस. नऊ वर्षं आम्ही दोघी बोललो, एका वेळी पाच-सहा शब्द. मग बोर्ड गेले, लोक आपापले नंबर फिरवायला लागले आणि ती बाई माझ्या कानातून गेली ती गेलीच.

हे सगळं मी ईराला बोटीत सांगितलं. ती म्हणाली, "मग जाऊया ना तिच्याकडे."

"कुणाकडे?"

"त्या पोले पोले बाईकडे. आणि येताना सिंह बघू."

अशी आमची सफारी सुरू झाली. निनादने मोबाइलवर बघून सांगितलं की सफारी हा मूळ तिकडचाच शब्द, त्याचा अर्थ नुसता प्रवास. ईराला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी शाळेत निघताना ती दारातून ओरडली, "आई, मी सफारीला जाते!"

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर आम्ही नकाशा काढला. जायचं ऑगस्टमध्ये, कारण तेव्हा वाइल्डबीस्टचे कळप नदी ओलांडतात. ईराची अट होती की मगरी आल्या तर आपण डोळे मिटायचे, दोघींनी, चोरून बघायचं नाही. जिराफाला तिकडे 'ट्विगा' म्हणतात हे तिने शोधून काढलं आणि मग सोसायटीतल्या एका उंच काकांना ती ट्विगाकाका म्हणायला लागली. तिथे पोळी मिळेल का, हत्ती जीपला शिंग मारतो की सोंड, रात्री तंबूत शू लागली तर कोण सोबत येणार, असे प्रश्न एका वहीत लिहून ठेवायचे. मी उत्तरं लिहायची. शू लागली तर आजी येणार. हत्तीला शिंग नसतं, सुळे असतात. पोळीचं बघू.

आणि रोज दुपारी गॅलरीत सराव. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक. पुढे ड्रायव्हर ईरा, हातात स्टीलचं ताट. मागे मी, गळ्यात यांची जुनी दुर्बीण. समोरच्या बिल्डिंगच्या टाकीवर घारी बसायच्या, त्या गिधाडं. खालचं भटकं कुत्रं म्हणजे तरस. पहिला नियम एकच होता. सिंह दिसला की आवाज करायचा नाही. आवाज केला तर तो निघून जातो आणि मग सगळा प्रवास फुकट.

मृणाल संध्याकाळी थकून यायची, चहाचा कप घेऊन गॅलरीच्या उंबऱ्यावर बसायची. "मलाही न्या की जीपमध्ये," म्हणायची.

"आई, तुला सुट्टी नाही," ईरा सांगायची.

"बघा आई, माझीच मुलगी मला टाकून चालली."

आमचं दोघींचं चांगलं होतं. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला हॉस्पिटलात पाच दिवस तीच माझ्याजवळ होती, निनाद नव्हे. मला बेडपॅन द्यायला तिने नर्सची वाट कधी पाहिली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे मी जे केलं ते या मुलीच्या बाबतीत केलं.

मार्चच्या शेवटी एक शनिवार. ईराची परीक्षा सुरू व्हायची होती. दुपारचे तीन वाजले असतील. आम्ही गॅलरीत, जीपमध्ये. ईराने ताट सोडून माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं आणि तेवढ्यात आतल्या खोलीत निनाद आला. मधे नुसता पडदा. आम्ही खाली बागेत गेलो आहोत असं त्याला वाटलं असावं. तो फोनवर बोलत होता.

मला शब्दांच्या आधी आवाज कळला. बोर्डावर बसून हजारो माणसांचे आवाज ऐकले होते. व्यापाऱ्याचा आवाज वेगळा, मयताची बातमी देणाऱ्याचा वेगळा. आणि एक आवाज असतो, कॉलची तीन मिनिटं संपली असं सांगितलं की जो गयावया करतो. माझा मुलगा त्या आवाजात बोलत होता. घरात तो असा कुणाशीच बोलत नव्हता.

"तिला अजून काही कळलेलं नाही," तो म्हणाला. "ईराची परीक्षा होऊ दे. मेमध्ये सांगतो मी. तू रडू नकोस ना, प्लीज."

ईराने 'बाबा' म्हणून हाक मारायला तोंड उघडलं. मी पुढे वाकून तिच्या ओठांवर हात ठेवला. "श्श," मी तिच्या कानात म्हटलं, "सिंह."

ती खुर्चीत ताठ झाली. डोळे चमकायला लागले. श्वाससुद्धा हळू घेत होती बिचारी. इतका चांगला सिंह आम्हाला आजवर दिसला नव्हता. निनाद बोलत होता, मी तिच्या तोंडावर हात धरून होते, आणि तिचा गरम श्वास माझ्या तळव्याला लागत होता. तो गेल्यावर ती कुजबुजली, "आजी, आपण हललो पण नाही!"

"शाब्बास," मी म्हटलं.

ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी आमच्या सुपरवायझर बाईंनी शिकवलं होतं, लाइनवरचं लाइनवरच, ऐकू आलं तरी ऐकायचं नाही. सगळी नोकरी मी तो नियम पाळला. माझ्या बोर्डावरून संसार मोडले असतील, धंदे बुडाले असतील, मी कधी कुणाला अवाक्षर सांगितलं नाही, आणि मला त्याचा अभिमान होता. त्या शनिवारी मी स्वतःला तोच नियम सांगितला. पण माझं घर म्हणजे एक्स्चेंज नव्हतं, आणि मी नियमासाठी गप्प बसले नव्हते. माझा मुलगा होता तो. मला वाटलं, नाद आहे, उतरेल. मला वाटलं, मी बोलले नाही तर ते झालंच नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मला ईरा हवी होती, त्याच खुर्चीत, त्याच गॅलरीत.

मग मी काय केलं, तर सफारीच्या मागे लागले. तोवर तो खेळ होता. एप्रिलमध्ये मी खरोखरच घाटकोपरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात जाऊन बसले, ईराला घेऊन. काउंटरवरच्या भाईंचं अर्धं खानदान नैरोबीला. त्यांनी ईराला झेब्र्याचं चित्र असलेली कीचेन दिली आणि विचारलं, "बेबी घाबरणार नाय ना?" ईरा म्हणाली, "मी आणि आजी सिंहासमोर हललो पण नव्हतो." भाई हसले. मी दराचं पत्रक मागितलं.

पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते म्हणून डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "आजी, साठीच्या पुढे ही लस जपून द्यावी लागते. तुमचं वय सहासष्ट. नीट विचार करा." मी घरी हे सांगितलं नाही. तोपर्यंत न सांगण्याची सवयच झाली होती.

मृणालच्या लक्षात काय काय येत होतं कुणास ठाऊक. ती जेवताना निनादच्या ताटाकडे बघायची, त्याच्या तोंडाकडे नाही. एकदा कपडे घड्या करता करता म्हणाली, "आई, याचं ऑफिसात काही बिनसलंय का? तुमच्याशी काही बोलला?" मी म्हटलं, "उन्हाळा आहे गं. चिडचिड होते माणसाची." तिने मान डोलावली. तिचा माझ्यावर विश्वास होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात निनादने सांगण्याआधीच तिला कळलं. कसं, ते मी विचारलं नाही. त्या दिवशी मी ओट्यापाशी आंबे पिळत होते. कोपरापर्यंत रस. ती लॅबमधून दुपारीच घरी आली, पर्स न काढता माझ्यासमोर उभी राहिली.

"आई, निनादचं तुम्हाला माहीत होतं?"

"कसलं?"

"माहीत होतं की नव्हतं?"

"मला काय माहीत असणार गं," मी म्हटलं.

बाहेरच्या खोलीत ईरा जमिनीवर पालथी पडून जिराफ रंगवत होती. तिथूनच ती मदतीला धावली, आनंदाने, वर न बघता. "आजी, असं काय करतेस? तो सिंह आलेला ना तेव्हा! बाबा फोनवर म्हणाला, तिला अजून काही कळलेलं नाही. आणि आई, तू विश्वास नाही ठेवणार, आम्ही हललो पण नाही. आजीने माझं तोंड धरलेलं."

मृणाल माझ्याकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने उतू जायला आलेल्या दुधाखालची शेगडी बंद केली, फडक्याने ओटा पुसला आणि म्हणाली, "माझ्या मुलीचं तोंड धरलंत तुम्ही."

तिसऱ्या दिवशी ती ईराला घेऊन माहेरी गेली, चारकोपला. ईराने जाताना प्रश्नांची वही बरोबर नेली. तिला वाटलं, आजोळी सुट्टीला चाललो आहोत.

मुलुंडहून चारकोप म्हणजे काय, एक बस आणि एक रिक्षा. मला तिथे पोचायला दिवाळी उजाडली. मृणालने दार उघडलं, पाणी दिलं, फराळाची बशीही पुढे केली. ईरा क्लासला गेली होती, किंवा मी येणार म्हणून पाठवली होती. मी निनादच्या वतीने काहीबाही बोलत राहिले. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्ही सांगितलं असतंत तरी मी गेलेच असते, आई. पण तुमच्याकडे येत राहिले असते."

मला तिथे एक वाक्य बोलता आलं असतं. मी बशीतली शंकरपाळी संपवली आणि निघाले.

पुढचं चारचौघांसारखं झालं. कोर्ट, सह्या. निनाद आता ठाण्याला राहतो, त्या बाईबरोबर. वाईट नाही ती, फोन करते मला सणावारी. एक रविवार सोडून एक रविवार निनाद ईराला भेटतो. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी म्हणायचे, घेऊन ये की तिला इकडे. तो म्हणायचा, "आई, ती नको म्हणते. मी काय ओढून आणू?" मग मी विचारायचं बंद केलं. मला वाटलं, तिचा राग आहे माझ्यावर. असायलाच हवा. गॅलरीतल्या खुर्च्या मी आत घेतल्या. ऊन लागून प्लास्टिक तडकत होतं, असं शेजारणीला सांगितलं.

ऐरोलीहून परत आले त्याच संध्याकाळी निनादचा फोन आला. मृणालचे वडील गेले. हा म्हणाला, "मी जाणं बरं दिसणार नाही. तू बघ." दोन दिवसांनी मी गेले.

दारात चपला होत्या पुष्कळ. विहीणबाई आतल्या खोलीत पडून होत्या, त्यांचा हात हातात घेऊन बसले थोडा वेळ. बाहेर आले तर एक उंच मुलगी पाण्याचा ट्रे घेऊन उभी. चष्मा, दोन वेण्या, हनुवटीवर बारीकसा वण, जो माझ्या घरी नव्हता.

"पाणी घ्या," ती म्हणाली.

मी ग्लास उचलला. ती गेली नाही. दाराबाहेर जिन्याच्या वळणावर कठडा आहे, तिथे जाऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी उठून गेले. खालून औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्यातरी मशीनची घरघर येत होती.

"मी सांगितलं म्हणूनच झालं ना सगळं?" ती म्हणाली.

"काय सांगितलंस?"

"फोनचं. बाबाचं." ती कठड्याचा उडालेला रंग नखाने खरवडत होती. "मी तेव्हा गप्प बसले असते तर आम्ही अजून मुलुंडला असतो."

तीन वर्षं. मी घरात बसून माझं दुःख कुरवाळत होते, तिचा राग आहे म्हणून. आणि ही एवढीशी पोर हे घेऊन शाळेत जात होती, येत होती, रविवारी बापाबरोबर आइस्क्रीम खात होती.

"ईरा, इकडे बघ," मी म्हटलं. "तू जे ऐकलंस ते सांगितलंस. त्यात तुझं काहीसुद्धा चुकलं नाही. आधी चुकला तुझा बाबा. मग चुकले मी. मी मोठी होते. मी तुला गप्प बसवलं, सिंहाचं नाव सांगून. आणि तुझ्या आईने विचारलं तेव्हा मी तिच्याशी खोटं बोलले. खोटं मी बोलले, तू खरं बोललीस."

तिने नखातला रंग झटकला. "हे आईला सांगितलंत कधी?"

"नाही."

"का?"

"लाज वाटली."

"मी तुमच्याकडे आले तर आई रडेल असं वाटायचं मला," ती म्हणाली. मग चष्मा काढून फ्रॉकला पुसला आणि पुन्हा लावला. "सांगा ना तिला."

मृणाल स्वयंपाकघरात होती. शेजारून आलेल्या डब्यातला वरणभात ताटलीत काढत होती, आईसाठी. किती बारीक झाली होती. ती वेळ नव्हती, मला कळत होतं. पण वेळ बघण्यातच तर एवढी वर्षं गेली होती.

"मृणाल, मला माहीत होतं," मी म्हटलं. "तू विचारलंस तेव्हा माहीत होतं. मी खोटं बोलले. पोरीचं तोंड धरलं. माझं चुकलं."

तिचा हात थांबला. ती मागे वळली नाही. नळाखालच्या भांड्यात पाणी टपटपत होतं.

"आज नको, आई," ती म्हणाली. "आज मला हे नको."

"बरं," मी म्हटलं.

मला 'आई' म्हणाली ती. मागच्या खेपेलाही म्हणाली होती, तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी पिशवी उचलली आणि कुणालाच काही न बोलता जिना उतरले. मयताच्या घरून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. ईरा माझ्यामागोमाग गेटपर्यंत आली. तिनेच रिक्षाला हात केला, मोठ्या माणसासारखा. मी आत बसले. साडीचा पदर बाहेर राहिला होता, तो तिने उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"तुम्ही येते म्हणाला नाहीत," ती म्हणाली.

"अशा वेळी म्हणत नाहीत बाळा."

"का?"

मी पिशवी मांडीवर घेतली. मृणाल वर खिडकीत आली होती का, ते मान वर करून बघवेना. रिक्षावाल्याने मीटर टाकला. ईरा दोन पावलं मागे सरकली आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

रिक्षा सेक्टरच्या वळणावर वळली, गेट दिसेनासं झालं, तेव्हा मी म्हटलं, "येते."

रिक्षावाल्याने आरशात बघितलं. "क्या बोला, माँजी?"

"काही नाही," मी म्हटलं. "चला तुम्ही."